माना वर

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणत. पण छातीतली गाठ हाताला लागली, तेव्हा त्या तोफेचीही वाचा बसली. तिची थोरली जाऊ याच दुखण्याने गेली होती, शेवटपर्यंत कुणाला कळू न देता.

"दाखव डॉक्टरला," सासूबाई म्हणाल्या, "पण चारचौघांत बोलू नकोस. घराची अब्रू जाते."

"आई, जाऊबाई गेल्या त्या अब्रूपायीच!"

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई कारखान्याच्या कँटीनमध्ये बोलायला आली. "छातीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू शहरात कमी होतायत, आपल्या भागात वाढतायत. रोग तोच, औषधं तीच. आपण फार उशिरा पोचतो."

शिवणकाम करणाऱ्या बायका माना खाली घालून चहा ढवळत राहिल्या. तोफ उठली.

"मला गाठ आहे. इथे, डाव्या बाजूला. आता सांगा, तपासणीचं यंत्र शहरात, तेही आपल्या कामाच्या वेळातच चालू. लवकर पोचायचं कसं?"

"मी तपासणीची फिरती गाडी मागून मागून थकले," डॉक्टरीणबाई म्हणाली. "वरचे म्हणतात, तिकडच्या बायका तपासायला येतच नाहीत."

"असं होय? मग येतोच आम्ही!"

मॅनेजर पुढे झाला. "एकेकीने रजा घ्या. सगळ्या गेलात तर काम बंद पडेल."

"पडू द्या साहेब. मशिनी कुठे पळून जात नाहीत."

सोमवारी शिवणखात्यात चिटपाखरू नव्हतं. शहरातल्या इस्पितळाच्या व्हरांड्यात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. घाबरून दोघी-तिघी परत फिरू लागल्या, तेव्हा शर्टांना काजं करणारी काजेवाली म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या छातीच्या मापाने शिवलं, आज आपलं माप देऊ!" हशा पिकला.

तोफेची गाठ कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत सापडली. काजेवालीलाही गाठ सापडली, पण तिचा कॅन्सर पसरलेला निघाला. डॉक्टरांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. ती खूप रडली, मग उपचारांना उभी राहिली.

बायकांनी आरोग्य खात्याच्या कार्यालयात हेलपाटे घालून साहेबांना भंडावून सोडलं. शेवटी तपासणीची गाडी कारखान्याच्या फाटकाशी आली. तोफ उपचार आटोपून कामावर परतली होती. सासूबाई रांगेत होत्या, तोंड फुगवून, पण होत्या. पायरीपाशी खुर्ची टाकून काजेवाली बसली होती, डोक्यावर एक केस नाही.

"घरी जाऊन पड की गं," तोफ म्हणाली.

"मी पडले तर तुझ्या सासूला आत कोण ढकलेल?" असं म्हणत काजेवालीने सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना पायरीवर चढवलं.