दांगुओलेचं बोट

"वहिनी, शेवटी शेवटी बोट जरा जड ठेव हं," कठड्यावरून ओणवा होत रिमविदास म्हणाला. गळ्यात ढोल, गालांवर झेंड्याचे तिन्ही रंग, तोंडाला बियरचा वास.

दांगुओलेने सामन्याच्या घड्याळाच्या पेटीवरची नजर उचलली नाही. "माझं बोट माझ्या हाताला आहे रे. तुझ्या ढोलाला नाही."

"गंमत करत नाहीये मी. आज हरलो तर खलास. घरच्या मैदानावर, घोडतोंड्यांकडून! तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

लाटवियाच्या लोकांना आम्ही लिथुआनियन लाडाने घोडतोंडे म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

"तुझं तोंड आत्ताही ओळखू येत नाहीये," ती म्हणाली. "जा, ढोल बडव."

बोट जड ठेवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही कळतं. बास्केटबॉलमध्ये बाहेरून आत टाकलेला चेंडू खेळाडूच्या हाताला लागला की घड्याळ सुरू करायचं. पापणी लवेल एवढा उशीर केला, की आपल्या संघाला तेवढा जादा वेळ मिळतो. गावोगावच्या सामन्यांत हे सर्रास चालतं. आणि हेच लोक नंतर चौकात उभे राहून देशात चोर माजलेत म्हणून बोंबलतात.

दांगुओले पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. नवरा गेल्यावर शनिवार-रविवार घर खायला उठायचं, म्हणून ती शाळांच्या सामन्यांना घड्याळ लावायला लागली. परीक्षा देत देत इथवर पोचली. युरोपच्या अजिंक्यपदाचे सामने आमच्या गावच्या हॉलमध्ये आले, तेव्हा घड्याळावर तिलाच बसवलं. कोणाच्या वशिल्याने नाही. वशिला असता तर ती भट्टीवर कशाला राहिली असती?

सामना शेवटच्या क्षणापर्यंत ताणला गेला. आपण एका गुणाने मागे, चेंडू आपला, घड्याळात जेमतेम सेकंदभर. अख्खा हॉल उभा. ढोल थांबले. चेंडू बाहेरून आत आला, आपल्या उंच सेंटरच्या बोटांना लागला, आणि त्याच क्षणी दांगुओलेचं बोट खाली गेलं. तो वळला, उडाला, चेंडू बोटांच्या टोकावर असतानाच बास्केटच्या फळीमागचा, वेळ संपल्याचा लाल दिवा पेटला. चेंडू मात्र जाळीत पडला.

लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, रडले. पंच पडद्यासमोर वाकून तेच दृश्य पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग त्यांतल्या एकाने हात हलवले. बास्केट नाही. आपला संघ स्पर्धेबाहेर.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिच्या शेजारी कोणी डबा उघडला नाही. दुकानातली बाई सुटे पैसे हातात न देता फळीवर टाकून मोकळी झाली. त्या उंच पोराने आधी चार सोप्या फ्रीथ्रो घालवल्या होत्या, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तो देशाचा लाडका. त्याचा राग काढायला भट्टीवरची बाई बरी पडते.

खरी गोची पुढे होती. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे बटाटे काढायचे दिवस. दांगुओलेचं शेत गावाबाहेर, तळ्याच्या अंगाला. दरवर्षी इर्जिक असते: रिमविदास ट्रॅक्टरने सरी उलटतो, मागून शेजारीपाजारी बादल्या घेऊन वेचतात, आणि दुपारी घरधनीण सगळ्यांना पोटभर जेवू घालते. शनिवार ठरलेला होता. रविवारपासून पावसाची झड लागणार असं रेडिओ सांगत होता. आमच्या त्या चिकट मातीत पाणी शिरलं, की बटाटा आतल्या आत कुजतो. तिचा हिवाळा त्या बटाट्यांवर.

तिने पहाटे उठून नेहमीसारखं सगळ्यांचं जेवण केलं. मांस भरलेले बटाट्याचे गोळे, आंबट साय, काळा पाव. सफरचंदाच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं, ताटं लावली.

आली एकटी स्तेफानिया म्हातारी, फुटक्या कानाची बादली घेऊन.

"बाकीचे कुठे मेले?" तिने विचारलं.

"शोक पाळतायत."

"माझा नवरा गेला तेव्हा तर तिसऱ्या दिवशी नाचत होते लग्नात. दे इकडे ती कुदळ."

"तुम्ही वाकू नका मावशी. मी खणते, तुम्ही वेचा."

"बास्केटबॉल म्हणे. लांब्या माणसांचा पोरखेळ नुसता," म्हातारी पुटपुटली आणि गुडघ्यांवर बसून वेचायला लागली. सामन्याच्या वेळी शिव्या घालून घालून तिचाच घसा बसला होता.

दुपार कलताना ट्रॅक्टरचा आवाज आला. रिमविदासने तो बांधावरच उभा केला. इंजिन चालूच.

"वहिनी, ऐक. मी सगळ्यांशी बोललोय."

"बोल."

"तू फक्त एवढंच म्हण, की चूक झाली. बोट घसरलं, घड्याळ जरा आधी सुरू झालं. माणूस आहे, हात कापतो. लोक चूक माफ करतात गं. तासाभरात बादल्या घेऊन सगळे इथे असतील, संध्याकाळच्या आत शेत मोकळं."

दांगुओलेने कुदळीवर दोन्ही हात टेकले. "चूक नव्हती."

"मला माहीत आहे नव्हती!" तो ओरडला. "घरी जाऊन वीस वेळा बघितलं मी. माहीत आहे म्हणूनच सांगतोय, एक शब्द बोलून टाक. तुझं काय जातं?"

"माझं तेवढंच आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं जातं म्हटलं तर जाऊ दे."

"आणि बटाटे?"

"ते माझे आहेत. कुजले तर माझे कुजतील."

त्याने टेबलावरच्या रिकाम्या ताटांकडे पाहिलं. मग ट्रॅक्टर वळवून निघून गेला. फाळ त्याने खाली सोडलाच नाही.

अंधार पडेपर्यंत दोघींनी अर्धं शेत काढलं. रविवारी झड लागली ती दोन दिवस हटली नाही. उरलेलं अर्धं चिखलात गेलं.

सोमवारी आमच्या हॉलमध्ये शेवटचा सामना होता, फिनलंड आणि जॉर्जियाचा. आपला संघ नाही म्हटल्यावर गाव फिरकलं नाही. दांगुओलेने पांढरा शर्ट कडक इस्त्री केला. नखांतली माती ब्रशने घासघासून काढली, तरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखाखाली एक काळी रेघ राहिलीच.

वरच्या रांगेत रिमविदास एकटाच बसला होता, ढोल न घेता. तिने त्याला पाहिलं. मग पेटी पुढे ओढून बोट बटणावर ठेवलं.

पंचाने चेंडू वर उडवला. एका हाताचा त्याला स्पर्श झाला, आणि घड्याळ सुरू झालं.