खाकी कव्हरातलं हर्लिंगचं पुस्तक

माझं एक पान गेलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही मला चाळाल, मध्येच अडखळाल आणि म्हणाल, "काय हे, फाटकं पुस्तक." मित्रांनो, मी जुना आहे, पण फाटका नाही. ते पान कुठे आहे आणि का आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म आयर्लंडातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. मी हर्लिंगचं पुस्तक. हर्लिंग हा तिकडचा फार जुना खेळ. हॉकीसारखी काठी असते, पण तिचं टोक उलथन्यासारखं रुंद आणि चपटं. चेंडू जमिनीवर पडला तर हातानं उचलायची सोय नाही, काठीच्या टोकानंच उचलायचा, मग हातात झेलायचा नाहीतर हवेत असतानाच हाणायचा. हे सगळं माझ्यात चित्रांसकट समजावून सांगितलेलं आहे. शेवटी गेलिक फुटबॉल या तिकडच्याच दुसऱ्या खेळावरही एक प्रकरण आहे, पण तिथवर सहसा कोणी पोचत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण काय करणार.

माझ्या मधल्या एका पानावर एका खेड्याच्या संघाचं छायाचित्र होतं. त्यात दुसऱ्या रांगेत, काठी छातीशी धरून, एक किडकिडीत तरुण उभा होता. पुढे त्याला मुलगी झाली, तिचं नाव मॉरीन. मॉरीन नर्स झाली आणि नोकरीसाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा वडिलांनी मला तिच्या हातात दिलं. "यात मी आहे," ते म्हणाले. "तिकडे एकटं वाटलं की उघड." त्यांनी फार काही बोलून दाखवलं नाही. मीही तिच्या कपड्यांमध्ये निमूट पडून राहिलो आणि न्यू जर्सीला आलो.

तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पद्मिनीबाई काम करायच्या. माणसं तुमच्याच पुण्याकडची, राहायला जवळच्या आयसेलिन गावात. त्यांची आणि मॉरीनची गट्टी होती. एका रविवारी पद्मिनीबाई मुलीला घेऊन पार्कात आल्या, तर तिथे मॉरीन आयरिश मुलींना हर्लिंग शिकवत होती. मुलगी कुंपणाला जी चिकटली ती हलेना. ती उत्तरा. वय बारा, अंगानं काडी, पण हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकणार नाही.

"मॉरीन आंटी, आय वॉन्ट टु प्ले," ती म्हणाली.

मॉरीननं तिला नखशिखान्त न्याहाळलं, मग पिशवीतून मला काढलं. आधी पुस्तक वाच, काठी नंतर, असं तिनं सांगितलं. मला वाटतं, पोरगी चार दिवसांत कंटाळेल असा तिचा अंदाज होता. अंदाज साफ चुकला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी वाचलेलं नाही. बसमध्ये, जेवताना, बाथरूमच्या दाराबाहेर नंबर लावून उभी असताना, ही पोरगी मला वाचायची. विशेषतः ते छायाचित्राचं पान, त्याची मागची बाजू. त्यावर चेंडू काठीवर कसा उचलायचा तो धडा होता. सगळ्या खेळाची मेख तिथे आहे. काठी नव्हती म्हणून उत्तरानं स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि टेनिसचा चेंडू घेऊन तळघरात घुसली. वर पद्मिनीबाई धिरडं तव्यावर टाकून उलथनं शोधायच्या.

"उत्तरे, माझं उलथनं आण आधी. धिरडं करपतंय."

"वन मिनिट, आई. आत्ता जमणारच होतं."

जमायला पुष्कळ दिवस लागले. गुडघे सोलवटले, एक दिवा फुटला, वडिलांनी, म्हणजे चंद्रशेखररावांनी, दोनदा खेळ बंद करायचं फर्मान काढलं. ते तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उन्हाळा संपता संपता मॉरीननं तिला खरी काठी दिली, आयर्लंडहून आणवलेली. त्या दिवशी मला आनंद झाला आणि थोडं दुखलंही. कारण काठी हातात आली आणि मी फळीवर गेलो. वापरून झालेल्या पुस्तकाचं असंच असतं.

आता घडलं काय, ते नीट ऐका. शाळा सुरू होण्याच्या आधी पद्मिनीबाई जेवणाच्या टेबलावर पुस्तकांना कव्हरं घालायला बसल्या. किराणाच्या दुकानातल्या खाकी पिशव्या कापायच्या, कडा दुमडायच्या, वर चिकटपट्टी. ही सवय त्या पुण्याहूनच घेऊन आल्या होत्या. उत्तराची पुस्तकं झाली. मग मंडळाच्या पुस्तकपेटीतली पुस्तकं झाली, कारण दुसऱ्याचं पुस्तक परत देताना कव्हर घालून द्यावं अशी त्यांची रीत. ही पेटी म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या मराठी कादंबऱ्यांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. ती महिनाभर एका घरी राहायची, मग पुढच्या घरी जायची. शेवटी पद्मिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाठ सुटत आली होती. "किती हाल केले पोरीनं," म्हणाल्या आणि मलाही मायेनं खाकी अंगरखा चढवला. नावाच्या चिठ्ठ्या उद्या लावू म्हणून सगळी चळत तशीच ठेवली.

तो उद्या काही आला नाही. संध्याकाळीच पेटीची पाळी बदलली. चंद्रशेखररावांनी घाईघाईत खाकी पुस्तकं उचलून ट्रंकेत भरली. त्यात मी गेलो. आणि फळीवर माझ्या जागी एक मराठी कादंबरी जाऊन बसली, माझ्याएवढीच जाड, माझ्यासारखाच अंगरखा घालून. उत्तरा येता-जाता तिच्याकडे बघायची आणि मीच आहे असं समजायची. रोज खेळायला मैदान होतं, उघडून कशाला बघेल?

ट्रंकेत माझे दिवस वाईट गेले नाहीत. आजूबाजूला सगळी मराठी मंडळी. तिथेच मी तुमची भाषा शिकलो, नाहीतर आज तुमच्याशी बोललो असतो का? पेटी गेली प्रल्हाद जोगळेकरांकडे. ते तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, एकटे राहायचे, बोलायला खडूस. त्यांची बदली टेक्सासला, शुगर लँडला झाली. तिकडे वाचायला मराठी काही मिळणार नाही म्हणून मंडळानं निरोप समारंभात अख्खी पेटीच त्यांना भेट दिली. टाळ्या झाल्या. ट्रंकेत मी डोकं आपटलं असतं, पण पुस्तकाला डोकं नसतं. ट्रकमधून टेक्सासला पोचेपर्यंत त्या दमट उकाड्यानं माझा डिंक पाघळला.

पुढचं मला मागाहून कळलं. ऑक्टोबरात आयर्लंडात मॉरीनचे वडील गेले. ती धावत आयर्लंडला जाऊन आली, आणि आई एकटी पडली म्हणून इथली नोकरी सोडून कायमची परत जायला निघाली. एका सोमवारी तिनं उत्तराला फोन केला. शनिवारी दुपारचं विमान आहे, पुस्तक तेवढं दे, म्हणाली. घरी वडिलांचे फोटो आहेत, पण एक लग्नातला आणि दुसरा म्हातारपणी कोट घातलेला. काठी हातात घेतलेला तो एकच, त्या पुस्तकातला. आई रोज त्याचीच आठवण काढते.

"शुअर, मॉरीन आंटी," उत्तरा म्हणाली आणि फळीकडे गेली. खाकी पुस्तक काढलं, उघडलं. आत मराठी.

तिनं ते आईसमोर नेऊन धरलं. पद्मिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, पेटीत गेलं ते. मीच कव्हर घातलं."

"दुसरी प्रत मागवू आपण आयर्लंडहून," चंद्रशेखरराव म्हणाले.

"बाबा, दे डोन्ट प्रिंट इट एनीमोर." उत्तरा रडत बसली नाही. "पेटी कुठे आहे, ते सांगा."

पेटी शुगर लँडला आहे म्हटल्यावर तिनं लगेच फोन फिरवला. मी तेव्हा प्रल्हादकाकांच्या मांडीवरच होतो. हो, मांडीवर. नव्या गावात त्यांचं कोणी नव्हतं. एक दिवस कादंबरी समजून त्यांनी मला उघडलं आणि मग सोडलंच नाही. कॉलेजात ते हॉकी खेळलेले, नागपूरचे. मला वाचताना त्यांचा पाय सतरंजीवर आपोआप हलायचा. आणि मित्रांनो, गेलिक फुटबॉलचं प्रकरणसुद्धा त्यांनी वाचायला घेतलं. असा वाचक मला पुन्हा मिळाला नाही.

"काका, ते हर्लिंगचं बुक माझं आहे. म्हणजे माझं नाही, मॉरीन आंटीचं आहे. मला ते शनिवारी सकाळपर्यंत इथे हवंय."

"अगं, मी तर म्हणत होतो, मंडळात हे कोणी आणलं त्याचा सत्कार करू," काका म्हणाले. "माझं थोडं राहिलंय वाचायचं. वाचून पोस्टानं पाठवतो."

"पोस्टानं नको, काका. वेळेवर नाही आलं तर? तिकडून कोणी येतंय का?"

अमेरिकेत जन्मलेली पोरगी, मराठी बोलताना चार ठिकाणी अडखळायची, पण हे तिला बरोबर ठाऊक होतं. आपल्या लोकांत लोणचं असो, औषध असो, नाहीतर मंगळसूत्र, वस्तू पोस्टानं जात नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर जाते.

 मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, मॉरीनच्या वडिलांचं, त्या एकाच फोटोचं. काकांनी माझं ते पान उघडलं आणि त्या किडकिडीत तरुणाकडे बराच वेळ पाहिलं. "बघतो," एवढंच म्हणाले.

ओळखीचं कोणी निघत नव्हतं. रोज संध्याकाळी उत्तराचा फोन यायचा, "काका, मिळालं कोणी?" आणि काका पुन्हा चार घरी फोन करायचे. पोरीनं त्यांची पाठ सोडली नाही. शेवटी शनिवारी पहाटे काका मला काखेत घेऊन जवळच्या ह्यूस्टनच्या विमानतळावर गेले आणि न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला जाणाऱ्या विमानाच्या रांगेतली तोंडं निरखत उभे राहिले. साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट अशी एक बाई दिसली.

"आपण मराठी का?"

"हो. का बरं?" बाई सावध झाल्या. त्यांचं नाव शैला. काकांनी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. नुसतं काम सांगायचं नाही म्हणून माझ्याबरोबर त्यांना चिवड्याचं पुडकंही दिलं. शैलाताईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, आत दुसरं काही नाही ना ते बघितलं, आणि मग मला मांडीवर घेऊन विमानात बसल्या.

काकांनी फोनवर नाव कळवलं होतं, त्यामुळे न्यूअर्कला उत्तरा आईबरोबर उभी होती. तिच्या हातात पुठ्ठा, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत 'शैला मावशी'. मला तिच्या हातात देताना शैलाताई म्हणाल्या, "पोरी, तुझ्यासाठी ते गृहस्थ रडवेले झाले होते गं." उत्तरानं आधी मला उघडून ते पान बघितलं. मग तिचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

मॉरीनच्या खोलीत सुटकेसा दाराशी उभ्या होत्या. उत्तरानं दारातच सगळं सांगून टाकलं, टेक्सासपर्यंतचं. मॉरीननं मला हातात घेतलं. ती रिकाम्या पलंगावर बसली, पान उघडलं आणि वडिलांच्या तोंडावरून अंगठा फिरवला. ती रडली. पद्मिनीबाई तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात धरून राहिल्या.

मग मॉरीननं पर्समधून लहान कात्री काढली.

"नो, नो, डोन्ट कट," पद्मिनीबाई घाबरून म्हणाल्या. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी बाई ती. "टेक द होल बुक."

मॉरीननं उत्तराकडे पाहिलं. "या पानाच्या मागे काय आहे?"

"द लिफ्ट," उत्तरा म्हणाली. चेंडू उचलायचा तो धडा.

"म्हणून दाखव."

उत्तरानं कोपऱ्यात उभी असलेली मॉरीनची काठी घेतली, चेंडू सतरंजीवर टाकला आणि म्हणू लागली. ती इंग्रजीत म्हणत होती, मी तुम्हाला मराठीत सांगतो. गुडघे वाकव. काठी जमिनीलगत आडवी धर. टोक चेंडूखाली सरकव. नजर चेंडूवर. दुसरा हात ओंजळीसारखा पुढे. एक शब्द चुकला नाही. शेवटच्या शब्दाला चेंडू तिच्या हातात होता.

मॉरीननं कात्री लावली. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण तिनं अगदी कडेनं, जपून कापलं. पान पाकिटात ठेवलं आणि बाकीचा मी उत्तराच्या हातात दिला. "बाबा माझे," ती म्हणाली. "खेळ तुझा."

घरी आल्यावर पद्मिनीबाईंनी मला कपाळाला लावलं, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावली आणि नवं कव्हर घातलं. या वेळी नाव त्याच दिवशी लिहिलं, बाहेर, ठळक. प्रल्हादकाकांसाठी उत्तरानं माझं शेवटचं प्रकरण हातानं उतरवून पाठवलं, कारण त्यांचं थोडं राहिलं होतं.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर जरूर घाला, पण नावाची चिठ्ठी उद्यावर टाकू नका. कोणाकडून आणलेलं पुस्तक फळीवर आहे म्हणजे आहेच, असं धरून चालू नका, मधूनमधून उघडून बघा. आणि पान फाडू नका, हे तर तुम्हाला शाळेत सांगतातच. मीही तेच सांगेन. फक्त माझ्या त्या पानाबद्दल मला वाईट वाटत नाही.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. उत्तरा कॉलेजात आहे. रविवारी त्याच पार्कात लहान मुलींना हर्लिंग शिकवते, आणि मला बरोबर नेते. मांडी घालून बसलेल्या मुलींना ती माझ्यातून वाचून दाखवते. वाचत वाचत त्या चिकटपट्टीपाशी आली की थांबते. एखादी मुलगी विचारतेच, "व्हेअर इज द पेज?"

उत्तरा मला मिटून गवतावर ठेवते, काठी हातात घेते आणि उभी राहते.