नळीवरची आडवी पट्टी

मी बोलतेय, खामगावच्या एका रक्ततपासणी केंद्रातली, नळीवरची बारकोडची पट्टी. बोटभर पांढरा कागद आणि त्यावर काळ्या रेघा. सकाळी आठला छापून बाहेर आले आणि पहिल्याच घटकेला मला हेवा वाटला.

समोर टेबलावर खाऱ्या बिस्किटांचा पुडा होता. उपाशीपोटी रक्त दिलं की सासूने, कौशल्याबाईंनी खावं म्हणून त्यांच्या सुनेने, रेणुकाने वडनेर भोलजी गावाहून आणलेला. त्याच्या पाठीवर तेरा आकड्यांचा बारकोड. दुकानात त्याला दाखवलं की यंत्र लगेच ‘पीं’ करतं. त्याचा थोरला भाऊ, मालाच्या खोक्यावरचा मोठा बारकोड, जाड चौकटीत बसून गावोगाव हिंडतो. ग्रंथालयातल्या पुस्तकावरच्या रेघांना तर वर्षानुवर्षं माणसांचे हात लागतात. माझ्यात आकडे आणि अक्षरं दोन्ही दाटीवाटीनं मावतात, पण माझं आयुष्य दुपारपर्यंतचं.

मला नळीच्या लांबीने चिकटवतात. शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा दिसल्या पाहिजेत. रक्त घेणारी पुष्पांजली त्या दिवशी घाईत होती. तिने मला बांगडीसारखं गोल गुंडाळलं. निम्म्या रेघा मागे गेल्या आणि यंत्राला मला वाचताच येईना. बिस्किटावर अशी वेळ कधी आली नसती.

त्यात वडनेरच्याच दोन कौशल्याबाई वानखडे आलेल्या, एक रेणुकाची सासू आणि एक दुसरीच. दुसरीची पट्टीही तशीच गुंडाळलेली. पुष्पांजलीने यादीतून नावं हाताने निवडली आणि दोघींचे आकडे अदलाबदल झाले.

“मावशी, साखर दोनशे ऐंशी आहे,” ती रेणुकाच्या सासूला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. साखरेपायी ते आधीच दोनदा पुढे गेलेलं.

“काऊन वाढली व? एकवीस दिवस बिनसाखरेची चाय पेली मी.”

“चोरून खाल्लं असन आत्याबाई,” रेणुका हसली.

“गुळाच्या डब्याची किल्ली तुह्यापाशी, अन् चोर मी?” कौशल्याबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “नातीचं तोंड साफ दिसन म्हणून जिभेले आवरलं व माय.”

पुष्पांजली थबकली. तिने नळी उचलली, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “पट्टी आडवी लागली ना.” तिने मला नखाने सोलून सरळ लावलं आणि नळी पुन्हा तपासायला यंत्रात ठेवली. माझा एक कोपरा फाटला. पण यंत्र माझ्यासाठीही ‘पीं’ म्हणालं.

“एकशे सहा. ते दोनशे ऐंशी दुसऱ्या कौशल्याबाईचे. त्यांले आत्ताच फोन लावते.”

त्या क्षणी मला वाटलं, पुड्यावरचा तो आकडा लाखो पुड्यांवर असतो. माझा आकडा मात्र एकट्या कौशल्याबाईंचा.

पण त्यांनी पुडा उघडला, बिस्कीट खाल्लं आणि पुडाच मायेनं पिशवीत ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता मी नळीसकट कचऱ्याच्या पिशवीत आहे. तुम्ही रक्त द्याल तेव्हा आपली पट्टी सरळ लागली का, एवढं बघून मग उठा.

परवा कौशल्याबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघेल. नातीचं तोंड त्यांना दिसेल, तेव्हा ती काढलेली पट्टी तिथंच शेजारी असेल. मला तिचाही हेवा वाटतो.