नकाशातली कोरी जागा

सुशीलाबाईंना पहिला बाण दिसला तो धाकट्या माळाच्या चढावर, आणि त्यांचं डोकं तिथूनच तापायला लागलं. चांगला हातभर लांब, नारिंगी ऑइलपेंटचा बाण. दहा पावलांवर दुसरा, पुढे तिसरा. इतक्या उघड्याबोडक्या माळावर चुकायचं म्हटलं तरी माणूस चुकणार कसा? पुण्यात सिग्नल पाळायचा नाही आणि डोंगरात मात्र बाण हवेत, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारून चालणारी मुलगी हसली. बाई विनोद करत नव्हत्या.

सकाळी सहाला सदाशिव पेठेतून दोन बस निघाल्या होत्या, ऐंशी माणसं घेऊन. नेणारा अभिनव, बाईंचा जुना विद्यार्थी. आता हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवार-रविवार लोकांना डोंगरात हिंडवायचा. बाईंनी शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून आज त्या प्रमुख पाहुण्या. तशी अक्षरं छापलेली टोपीही त्यांना मिळाली होती. ती त्यांनी बसमध्येच पिशवीच्या तळाशी कोंबली होती.

वाट गोल होती. गावातून धाकटा माळ, तिथून थोरला माळ, मग दाट झाडीच्या घळीत उतार आणि घळीतून पुन्हा गाव. दोन्ही माळ काळ्या कातळाचे, उन्हात तापून निघणारे. बाई दरवर्षी नववीची सहल इथे आणायच्या आणि नकाशा स्वतः काढायच्या. माळावरचा एकेक उंचवटा त्यात असायचा, पण घळीच्या जागी कागद कोरा. तिथं काय आहे, असं मुलं विचारायची. काही नाही, असं बाई सांगायच्या आणि सगळ्यांना माळावरूनच माघारी न्यायच्या.

तिथं देवाची राई होती. तीस वर्षांपूर्वी राई राखणाऱ्या गेनबानं त्यांना एकट्यांना खाली नेलं होतं. पायताण हातात घ्यायचं, वाळकी काटकीसुद्धा मोडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. झऱ्याशेजारी एक दगड होता, तोच देव. त्याला शेंदूर नाही, निशाण नाही, फूल नाही. ओंजळीनं झऱ्याचं पाणी घालायचं, संपलं. ठाऊक नसलेला माणूस त्यावर बसून खुशाल चहा प्यायला असता. गेनबाची अट एकच होती, कधीही या, पण वाट कागदावर लिहू नका. बाईंनी शब्द दिला आणि एकोणतीस वर्षं तो पाळला.

गेल्या दिवाळीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अभिनव भेटायला आला. बाई, त्या कोऱ्या जागेत काय आहे, आता तरी सांगा, म्हणाला. आपण पुन्हा तिथं उतरू की नाही, या भीतीनं बाईंचं मन कच्चं झालं. त्यांनी पेन्सिल घेतली. जांभळाचं झाड, ओढ्याची दोन वळणं, झरा, सगळं काढलं. दगड तेवढा काढला नाही, राईचं नावही घेतलं नाही. अर्धा शब्द तरी राखला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

थोरल्या माळाच्या कडेवर त्यांनी अभिनवला गाठलं. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. हे रंगकाम कुणाच्या परवानगीनं केलं, असं त्यांनी विचारलं.

"बाई, सेफ्टी. मागच्या बॅचचे दोघं चुकले होते."

"घळीतही काढलेत बाण?"

"ऑब्व्हियसली, बाई. खरी गरज तिथेच आहे. तुमच्या नकाशात सगळं क्लिअर होतं म्हणून जमलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं शिकवलं आणि हा शिकला काय, तर डोंगराला रंग फासायला. त्यांनी काठी आपटली आणि सगळ्यांच्या पुढे होऊन घळ उतरायला लागल्या. गुडघा ठणकत होता, त्याचाही राग आला. उंबराच्या खोडावर बाण, कातळावर बाण. प्रत्येक बाणाला त्या अभिनवच्या नावानं एकेक शेलका शब्द देत होत्या, तेही मोठ्यानं.

झऱ्यापाशी गेनबा उकिडवा बसला होता. नारळाच्या काथ्यानं तो दगड घासत होता, कारण देवाला लोखंड लावायचं नाही. रंग निघत नव्हता. दगडाच्या सपाट अंगावर ऐसपैस बाण होता, गावाच्या दिशेचा. गेनबाची बोटं नारिंगी झाली होती.

"या, बाई," तो म्हणाला. "पायताण."

बाईंनी खाली पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या बूट घालून राईत आल्या होत्या. त्या तिथंच बसल्या आणि नाड्या सोडायला लागल्या. गाठ सुटेना.

गेनबा घासता घासता बोलत होता. वाट गावातल्याच कुणीतरी फोडली असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. हिंमतरावानं माळाखालची जमीन बिल्डरला दिलेली, तेव्हा तोच. तो देवाची शपथ घेत होता, पण महिनाभर त्याच्या दारात कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. त्याच्या पोरीच्या साखरपुड्यालासुद्धा कुणी गेलं नाही.

"तुमचं नाव घेतलं एकानं," गेनबा म्हणाला. "म्या त्याला गप केलं. म्हनलं, बाई शब्दाची हाय."

मागून अभिनव उतरून आला. त्यानं दगड पाहिला, काथ्या पाहिला, आणि त्याचा चेहरा पडला. तो बाईंकडे बघायला लागला. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. पोरगा त्यांचं नाव घेणार नव्हता, हे त्यांना त्याच्या तोंडावरच दिसत होतं. त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

"मी दिली वाट, गेनबा," त्या म्हणाल्या. "हिंमतरावांनी नाही. नकाशा मी काढून दिला. दगड तेवढा लपवला."

गेनबाचा हात थांबला. मग त्यानं काथ्या पाण्यात बुडवला, पिळला आणि पुन्हा घासायला सुरुवात केली.

"दगूड दावला आसता," तो म्हणाला, "तर पोरांनी त्येला हात लावला नसता."

काथ्यासाठी बाईंनी हात पुढे केला, तो गेनबानं पाहिला न पाहिल्यासारखा केला.

"आज सांजच्याला म्या हिंमतरावाच्या दारी जानार," तो म्हणाला. "तुमी आल्या वाटंनं माघारी जावा. पुढं तुमाला वाट नाय."

बाई उठल्या. बूट हातात घेतले आणि अनवाणीच घळ चढायला लागल्या. खालून गाव जवळ आहे, पुन्हा सगळा माळ गुडघ्याला झेपणार नाही, असं अभिनव मागून सांगत राहिला. बसपाशी मी माळावरूनच येईन, थांब नाहीतर थांबू नकोस, त्या म्हणाल्या, आणि आधी वर जाऊन तुझ्या माणसांना थांबव, एकही जण खाली येता कामा नये. तो धावत त्यांच्या पुढे गेला.

पण रांगेतले पहिले काही जण उतरून आलेच होते. सकाळी हसलेली ती मुलगी वाटेतून बाजूला झाली आणि काळजीनं म्हणाली, "बाई, तुम्ही उलट्या चाललात. बाण तिकडे आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मीच काढलाय."