दोन कडव्यांची हवा

टिलमानच्या कुपीत चिमूटभर पिवळे स्फटिक उरले होते, दोनदा जाळता येतील एवढेच. हिवाळाभर खपून त्याने ते झाडाच्या सालीतून काढले होते. दरवेळी आधीपेक्षा थोडे कमी घेऊन आजवर तीनदा जाळून झाले, आणि तिन्ही वेळा कार्बन वेगळाच निघाला: शंभरात बासष्ट भाग, मग त्रेसष्ट, मग चौसष्ट.

लान नदीकाठच्या त्या प्रयोगशाळेत नियम साफ होता. आकडे जुळले तरच पदार्थ शुद्ध आणि त्याचं सूत्र फळ्यावर. नाहीतर ते मिश्रण.

"स्फटिक सुंदर आहेत तुमचे," प्रोफेसर श्टाइनवेग म्हणाले होते, "पण मिश्रणंही सुंदर असतात. शनिवारपर्यंत पाहू."

आज शुक्रवार होता.

"असेल बाबा मिश्रण," शेजारच्या टेबलावरून लोरेन्झ म्हणाला. गरम वाळूवर त्याचं कॉफीचं भांडं कायम बसलेलं असे आणि एका लांब काचनळीने तो त्यातून घुटके ओढी. "मी तरी कुठे शुद्ध आहे? आई म्हणते, अर्धा बापावर गेलाय, अर्धा गाढवावर."

टिलमान हसला, पण कुपीला हात लावला नाही. त्याने साखर घेतली. साखरेत शंभरात बेचाळीस भाग कार्बन, हे तिथे झोपेतून उठवलं तरी कुणीही सांगितलं असतं.

चारशे मिलिग्रॅम साखर तांब्याच्या काळ्या भुकटीत घोटून त्याने नळीत भरली, नळी लोखंडी पन्हळीत ठेवली आणि भोवती रसरशीत निखारे रचले. साखर जळून झालेलं पाणी एका नळीत अडकलं, कार्बनचा झालेला वायू पोटॅशचं पाणी भरलेल्या काचेच्या पाच फुग्यांत विरला. बुडबुडे थांबल्यावर त्याने जळत्या नळीचं निमुळतं शेपूट मोडलं आणि फुग्यांच्या पलीकडच्या टोकाला तोंड लावून हवा ओढली, म्हणजे मागे रेंगाळलेला वायूही फुग्यांत यावा. किती वेळ ओढायची याचं त्याचं माप ठरलेलं होतं: गावाकडच्या सुगीच्या गाण्याची दोन कडवी, मनातल्या मनात.

फुगे निवल्यावर तोलले आणि वाढलेल्या वजनावरून कार्बन काढला. चव्वेचाळीस!

"आता साखरही मिश्रण झाली वाटतं," लोरेन्झ म्हणाला.

टिलमानने फक्त दोनशे मिलिग्रॅम साखर घेऊन पुन्हा जाळली. सेहेचाळीस! तो आनंदाने ओरडलाच.

"चूक वाढली, आणि हा नाचतोय!"

"अरे, वजन बघ ना! दोन्ही वेळा वायू बरोब्बर तीस मिलिग्रॅम जास्त. साखर निम्मी केली, चूक निम्मी झाली नाही. म्हणजे ती साखरेतून येतच नाही!"

"मग?"

"दोन्ही वेळा सारखं काय होतं? दोन कडवी. तेवढा वेळ मी ओढतो ती हवा कुठली?"

"खोलीतली. फुकट आहे, ओढ लेका."

टिलमान मोडलेल्या शेपटाशी वाकला. निखाऱ्यांची धग डोळ्यांत गेली. "खोलीतली कसली? कोळशाची! मी दरवेळी थोडा कोळसाच मोजतोय."

"पण शेपटावर तू उभी नळी चढवतोस ना? वरची चांगली हवा यायला?"

"कसली नळी?"

लोरेन्झने कॉफीच्या भांड्याकडे पाहिलं. मग भांड्यातल्या लांब काचनळीकडे. "ही... तुझ्या टेबलावर होती. तू यायच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, बेवारशी आहे."

"गाढवा!"

"अर्धाच हं."

टिलमानने वही ओढली आणि जुन्या तिन्ही वजनांतून तीस-तीस मिलिग्रॅम वजा केले. साठ. साठ. साठ.

पण वजाबाकीला फळ्यावर जागा नव्हती. शनिवारी सकाळी, तीनदा धुतलेली नळी शेपटावर उभी करून त्याने कुपीतले निम्मे स्फटिक जाळले. प्रोफेसर शेजारी उभे होते.

"हवा किती वेळ ओढता?"

"दोन कडवी, प्रोफेसरसाहेब," म्हणून त्याने फुग्यांकडचं टोक तोंडात धरलं.

"कसली कडवी?"

टिलमानला आता बोलता येईना. उत्तर लोरेन्झने दिलं, गाऊन. हिवाळाभर बाटल्या धुताना टिलमान तेच गुणगुणत असल्यामुळे ते सगळ्यांनाच पाठ होतं. टेबलाटेबलावरून आवाज मिसळत गेले. दुसऱ्या कडव्याला प्रोफेसरही सुरू झाले, बेसूर पण दणदणीत. तिसरं कडवं लागलं तरी टिलमानने थांबवलं नाही. हवा चांगली होती. आता कितीही कडवी झाली असती तरी आकडा ढळणार नव्हता.

फुगे निवले. तराजूचा काटा डोलत डोलत स्थिरावला.

"साठ," टिलमान म्हणाला.

प्रोफेसरांनी फळा पुसला आणि खडू त्याच्याच हातात दिला.