पुंजाराम बसले ते बसलेच

हर्सूलच्या घरातली पुढची खोली सुनेच्या ऑफिसला द्यायचं ठरलं, तेव्हा पुंजारामांनी घरात धड बोलणंच टाकलं. त्या खोलीत त्यांचा दिवाण होता, दिवाणावरून रस्ता दिसायचा, आणि खुलताबादची शेती पुतण्यांवर सोपवून शहरात आल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठं निघाले?" असं विचारणं हाच त्यांचा धंदा होता. मागच्या खोलीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी तेवढी दिसायची. आता टाकीला काय विचारणार, कुठं निघाली म्हणून?

पण प्रकरण साधं नव्हतं. सून अपेक्षा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. त्या कंपनीला अचानक माणसांचा पुळका आला आणि फर्मान निघालं: ज्यांच्या घरी शांत, निवांत, मन प्रसन्न करणारी स्वतंत्र खोली असेल त्यांनी घरून काम करावं, बाकीच्यांनी पुण्याला यावं. अपेक्षाचे साहेब इंद्रजीत सर कॅमेऱ्यातून खोली बघणार होते. खोली नापास झाली तर अपेक्षा पुण्याला जाणार, तिच्यामागे पुंजारामांचा मुलगा शिवम जाणार, आणि रोज संध्याकाळी आजोबांची पाठ तुडवून देणारी नात प्रेरणाही जाणार. हे कळल्यावर पुंजारामांनी दिवाण स्वतःच उचलायला लावला. रस्त्याशिवाय माणूस जगेल, त्या इवल्या पायांशिवाय कसा जगणार?

अपेक्षानं भिंतींना फिका हिरवा रंग दिला. मंद पिवळा दिवा आला, मनी प्लांट आला, भिंतीवर जुनी हिमरू शाल लागली. एक सुगंधाचं यंत्रही आलं. "धूर निघतो, पन मच्छर मरत नाय. कशाला आणलं?" असं सासूबाई आवडाबाईंनी विचारून घेतलं. सगळ्यात शेवटी आलं एक भलंमोठं निळं गाठोडं. त्याला बीन बॅग म्हणतात आणि थकल्यावर त्यात बसायचं असतं, असं कळलं.

"आत काय भरलंय?" पुंजारामांनी बायकोला विचारलं.

"थर्माकोलच्या गोळ्या म्हनं."

हे मात्र पुंजारामांच्या जिव्हारी लागलं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घराची सून थर्माकोलवर बसणार? अपेक्षा दोन दिवस माहेरी गेल्याची संधी साधून त्यांनी गाठोडं रिक्षात घातलं आणि क्रांती चौकामागच्या मुख्तारभाईंच्या गादीच्या दुकानात नेलं. शेतातल्या कापसाचं पोतंही सोबत होतं. मुख्तारभाई त्यांचे जुने दोस्त. त्यांनी गाठोडं उलटंपालटं करून बघितलं.

"दादा, ये थैली है, गादी नै. इसमें रुई भरे तो बैठनेवाला अंदर जाता, बाहर नै आता."

"भर रे तू. आपला कापूस हाय, मानसाला धरून ठेवतोय."

"धरून ठेवतोय, मैं भी तो वहीच बोल रहा!"

शहाण्याला शब्दाचा मार. पण पुंजाराम त्या दिवशी शहाणे नव्हते. थैली कापसानं गच्च भरून घरी आली. अपेक्षाला काही कळलं नाही, कारण थकल्यावर बसायच्या त्या वस्तूवर बसायला तिला सवड कुठं होती?

तपासणीचा दिवस उजाडला. शिवम कामावर गेला होता, आवडाबाई प्रेरणाला शाळेतून आणायला गेल्या होत्या, अपेक्षा आत साडी नेसत होती. सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला म्हणून पुंजाराम पुढच्या खोलीत डोकावले आणि त्यांची नजर निळ्या थैलीवर गेली. आपलाच कापूस, एकदा बसून बघितलं तर काय बिघडतंय?

ते बसले. कापसानं एक सुस्कारा सोडला, त्यांना हळूच आत घेतलं आणि दोन्ही बाजूंनी मिटला. गुडघे कानांपाशी आले. त्यांनी जोर लावला तर आणखी खाली गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

लॅपटॉप घेऊन अपेक्षा आत आली आणि जागच्या जागी थिजली.

आता कुणी म्हणेल, हात देऊन ओढायचं, त्यात काय! पण या घरात सून सासऱ्याच्या पाया पडते, हात धरत नाही. अहो, दोघं बोलायचीसुद्धा आवडाबाईंच्या मार्फत. आणि आवडाबाई तर शाळेच्या फाटकाशी!

पुंजाराम मनी प्लांटकडे बघून म्हणाले, "कुनी हाय का? मानूस अडकलंय म्हनावं."

अपेक्षा भिंतीला म्हणाली, "मामांना म्हणावं, जरा जोर लावा."

"लावला म्हनावं. गोळ्या काढून कापूस भरलाय, उलट आतच चाललोय."

तिनं त्यांचीच काठी पुढं केली. पुंजारामांनी काठीचं टोक धरून असा हिसका दिला, की काठी तेवढी थैलीत आली. तेवढ्यात लॅपटॉप वाजू लागला. घाबरलेल्या अपेक्षानं भिंतीवरची हिमरू शाल ओढली आणि सासऱ्यांवर डोक्यापासून पांघरली.

"वा!" इंद्रजीत सर पडद्यावर दिसले. "रंग छान. दिवा छान. कोपऱ्यात काय आहे ते?"

"हिमरू शाल, सर. इथलीच."

"आणि खाली?"

"खाली... कापूस आहे, सर."

शालीखाली पुंजारामांनी मिठाची गुळणी धरली होती. प्रेरणासाठी श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण अंधार मऊ होता, यंत्रातला सुगंध येत होता, कापूस अंगाला बिलगला होता. खोली आपलं काम चोख करू लागली, आणि बिचारे पुंजाराम चक्क घोरू लागले.

"हा आवाज कसला?" सरांनी विचारलं. शाल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली आणि घसरली. पांढऱ्या मिशा, टोपी आणि उघडं तोंड कॅमेऱ्यासमोर आलं.

अपेक्षाला रडू फुटायच्या बेतात होतं. "सर, ते माझे मामा, म्हणजे सासरे. अडकलेत ते. माझी खोली नापास करा हवं तर, पण त्यांना हसू नका."

सर हसले नाहीत. ते पुढं वाकून हेव्यानं बघत होते. "किती गाढ झोपलेत! आम्ही इथं मन प्रसन्न व्हावं म्हणून कारंजं बसवलं. त्या आवाजानं सगळे सारखे बाथरूमला पळतात." त्यांनी एक दीर्घ उसासा टाकला. "खोली पास. असली थैली मलाही एक पाठवा. पण आधी त्यांना बाहेर काढा बघू."

अपेक्षानं भिंतीकडे बघितलं, मनी प्लांटकडे बघितलं. दोघंही काही करतील असं दिसेना. मग पदर खोचून ती पुढं झाली.

"मामा, उठा. हात धरा माझा."

पुंजारामांनी डोळे उघडले. समोर दोन हात होते. क्षणभर त्यांना लाज वाटली, मग त्यांनी ते घट्ट धरले. पोरीनं असा जोर लावला, की सासरा आणि मूठभर कापूस एकदमच बाहेर आले. सरांनी टाळ्या वाजवल्या.

थर्माकोलच्या गोळ्या परत भरून आणू, असं संध्याकाळी शिवम म्हणाला. पुंजारामांनी साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाचं काम संपलं तसे ते पुढच्या खोलीत आले. मुख्तारभाईंनी सांगितलेलं सगळं नीट आठवत असताना, मुद्दाम, त्या निळ्या थैलीत बसले आणि कापसात पार बुडाले. आवडाबाई समोरच शेंगा सोलत होत्या. पण पुंजारामांनी त्यांना हाक मारली नाही, की मनी प्लांटकडे बघितलं नाही.

"अपेक्षा," ते म्हणाले, "हात दे गं पोरी."