साठ खण आणि बिननावाची कार्डं

मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतलं सूचीकपाट बोलतोय. साठ खण, साठ पितळी कड्या, सागवानी अंग. वार्षिक अहवालात माझी नोंद 'जुने फर्निचर, एक नग' अशी आहे. ज्यानं ती केली त्यानं माझा एकही खण कधी उघडून पाहिलेला नाही. म्हणून आज मीच तोंड उघडतोय.

मला एका सुतारानं चार महिने खपून घडवलं. प्रत्येक खण तो शंभरदा आत-बाहेर करून बघायचा. "वाचकाचं बोट लागलं की खण बाहेर आला पाहिजे. ओढाताण करावी लागली तर लाकूड फुकट गेलं म्हणायचं," असं तो त्याच्या भावाला ऐकवायचा. मी दिवाणखान्यात नाही, ग्रंथालयात जाणार याचा त्याला माझ्याइतकाच तोरा होता.

मग माझ्यात कार्डं आली. एका पुस्तकाचं एक कार्ड: नाव, लेखक, विषय आणि ते कुठल्या फळीवर आहे तो क्रमांक. ही कार्डं लिहिणाऱ्या सूचीकाराला सगळे कार्डकाका म्हणायचे. गोल, टपोरं अक्षर. एकतीस वर्षं त्यांनी माझे खण भरले. 'ग' चं कार्ड 'ख' च्या आधी गेलेलं दिसलं तर त्या माणसाला जेवण गोड लागत नसे.

त्या काळात कोणीही पुस्तक मागायला आलं की आधी माझ्यापुढे उभं राहायचं. माणसांची एकेक तऱ्हा मी पाहिली. बोटाला थुंकी लावून कार्डं उलटणारे विद्वान पाहिले. क्रमांक लिहून घ्यायचा कंटाळा म्हणून कार्डच फाडून खिशात घालणारे प्रतिष्ठितही पाहिले. नावं सांगत नाही. मला सगळी ठाऊक आहेत.

मग संगणक आला. कार्डकाका निवृत्त झाले आणि मला मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ढकललं गेलं. चार वर्षं लोक माझ्या कड्यांना ओल्या छत्र्या अडकवत होते.

नव्या ग्रंथपाल बाई आल्या आणि त्यांनी तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी शनिवारचे कार्यक्रम सुरू केले. पहिला कार्यक्रम 'वाचनाचे महत्त्व' या विषयावरचं भाषण. वक्ते पाऊण तास बोलले. मागच्या रांगेतल्या दोघांनी तेवढ्यात फुल्ली-गोळ्याचे एकोणीस डाव संपवले. मोठ्या माणसांना या वयाची मुलं दिसली की भाषण का सुचतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. दुसऱ्या शनिवारी चार मुलं आली. तिसऱ्या शनिवारी एकच आला, तोही स्वच्छतागृह विचारायला.

बाईंनी त्यालाच धरलं. "तुम्हाला हवंय तरी काय?"

तो पोरगा वाद घालण्यात इतका पटाईत की मित्र त्याला वकील म्हणायचे. तो म्हणाला, "बसायला जागा द्या. आणि दर पाच मिनिटांनी 'काय चाललंय' विचारू नका."

"बस एवढंच?"

"एवढंच तर कुणी देत नाही, बाई."

बाईंनी मागची खोली रिकामी केली. खुर्च्या दुरुस्त झाल्या, छत्र्या गेल्या, मी राहिलो. दार रोज संध्याकाळी उघडं राहू लागलं. मुलं आली. कोणी चित्रकथा काढू लागलं, कोणी नाटुकलं बसवू लागलं, महिन्यातून एकदा कडाक्याचा वादविवाद होऊ लागला. आणि एका शनिवारी एका मुलीनं माझा खण उघडला. जाड चष्मा, म्हणून ती चष्मिस. जुनी कार्डं तिनं उलटून पाहिली. मागची बाजू कोरी. तिनं त्यावर लिहिलं, 'कृष्णविवरात पडलं तर दुखतं का?' आणि कार्ड परत खणात टाकलं.

पुढच्या शनिवारी त्याच खणात उत्तर होतं. बाईंच्या अक्षरात एका पुस्तकाचा क्रमांक आणि खाली, 'दुखेल. पण तक्रार करायला वेळ मिळणार नाही. पान ८८ बघ.'

तिथून रीतच पडली. प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही, साठातल्या कुठल्याही खणात टाकायचा आणि खण लक्षात ठेवायचा. उत्तर बाईंनी द्यावं किंवा कुठल्याही मुलानं. माझ्या खणांवरच्या पट्ट्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. 'आवाज फुटतोय, गाणं सोडू का?' 'दोन मित्र भांडलेत, दोघंही मलाच विचारतात, मी काय करू?' 'आजोबा मला ओळखत नाहीत, तरी रोज जाऊन बसायचं का?' असे तीनशेच्या वर प्रश्न माझ्या पोटात जमले. अहवालात या साऱ्याला दीड ओळ मिळाली: 'किशोरवयीनांसाठी विविध उपक्रम राबवण्यात आले.' ही दीड ओळ लिहिणाऱ्याला एकदा माझ्यापुढे उभा करा, एवढीच माझी इच्छा आहे.

एके दिवशी चष्मिसनं डावीकडच्या तळच्या खणात वेगळंच कार्ड टाकलं. 'दोन महिने शिकवणीला गेलेली नाही. मी चुकले की सर हसतात आणि सगळा वर्ग हसतो. तेवढा वेळ मी इथे बसते. बाबांना कसं सांगू?'

तिचे बाबा म्हणजे आमच्या ग्रंथालयाचे अध्यक्ष.

दोन उत्तरं आली. एक कोणा मुलाचं: 'मी पण सोडली होती. घरी आरडाओरडा झाला, मग जेवण झालं.' दुसरं बाईंचं: 'तूच सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. सोबत हवी असेल तर मी येते.' तिनं खाली लिहिलं, 'रविवारी सांगते.'

तो रविवार यायच्या आधी घोटाळा झाला.

बाई चार दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि खोलीकडे बघायला कार्डकाकांना बोलावलं गेलं. काकांनी इतक्या वर्षांनी माझा खण उघडला, आणि आत कसलाच क्रम नसलेली तीनशे कार्डं! त्यांचे हात शिवशिवले. दोन दिवस मान वर न करता त्यांनी सगळी कार्डं विषयवार लावली, वर्णानुक्रमे. कोऱ्या पट्ट्यांवर टपोऱ्या अक्षरात विषय लिहिले. 'अपयश.' 'आवाज : फुटणे.' 'मैत्री : तुटलेली.' 'शिकवणी : बुडवणे.' एका पट्टीवर तर चक्क 'खोटे बोलणे, पाहा : वडील'. मग दोन शिपायांना हाताशी धरून त्यांनी मला थेट प्रवेशदालनात आणून ठेवलं. निवृत्तीनंतर हा माणूस एवढा आनंदी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी मात्र लाजेनं अर्धा झालो होतो.

शनिवारी मुलं आली आणि दारातच थबकली.

वकील म्हणाला, "काका, हे काय केलंत?"

"लावून दिलं रे! आता कुठलंही कार्ड पाच सेकंदांत सापडेल."

"कुणाला?"

काकांचं हसू जिथल्या तिथे विरलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलांच्या चेहऱ्यांकडे. एकतीस वर्षांत न केलेली चूक आपण आज केली, हे त्या माणसाला एका शब्दात कळलं.

तेवढ्यात अध्यक्ष महिन्याच्या पाहणीला आले. प्रत्येक पट्टी वाचत, भुवया चढवत तळाशी पोचले. "शिकवणी, बुडवणे?" त्यांनी कडीला बोट लावलं. लेकीच्या वह्यांवर त्यांनी इतकी वर्षं सह्या केल्या होत्या, तिचं अक्षर त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. चष्मिस चार पावलांवर उभी होती, पांढरीफटक. बोट लागताच माझा खण गुळगुळीत सरकू लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सुताराच्या कसबाला शिव्या घातल्या.

कार्डकाकांनी झटकन पुढे होऊन खणावर तळवा ठेवला. "साहेब, राहू द्या."

"म्हणजे? मी अध्यक्ष आहे."

"आहात ना. वाचक काय विचारतो ते तिसऱ्याला दाखवायचं नाही, या नियमाखाली तुमचीच सही आहे. पट्ट्या मी लावल्या, कपाट मी इथे आणलं. गाढवपणा माझा आहे. पण खण उघडणार नाही."

"पोरं घरी थापा मारून इथे येऊन बसतात आणि आपण त्यांना लपवतो? आजच्या आज ती खोली बंद करा!"

मग चष्मिस पुढे आली. "बाबा, ते कार्ड माझंय. वाचू नका. मीच सांगते."

आणि तिनं सगळं सांगितलं.

अध्यक्ष जवळच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "दोन महिने? मग रोज संध्याकाळी कुठे होतीस?"

"मागच्या खोलीत. गणितं करत."

"एकटीच?"

"वकील शिकवतो. तो हसत नाही."

"हसतो की," वकील मागून पुटपुटला, "पण माझंच गणित चुकलं की."

अध्यक्षांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. "सरांबद्दल मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, लक्ष दे म्हणजे चुकणार नाहीस."

अध्यक्ष उठले, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझं कामही नव्हे. परतताना अध्यक्ष शिपायांना एवढंच म्हणाले, "हे कपाट होतं तिथे नेऊन ठेवा." खोली बंद करण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

मागच्या खोलीत काकांनी मुलांची माफी मागितली आणि पट्ट्या स्वतःच्या हातानं काढल्या. मग मुलांनी त्यांना शिक्षा फर्मावली: सगळी कार्डं पिसायची. जन्मभर क्रम लावलेल्या माणसानं तीनशे कार्डं पत्त्यांसारखी पिसली. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "आता झाली का?"

"नाही, काका. अजून दोन 'अ' एकत्र आहेत."

"अरे, जीव घेता का माझा!"

माझी छाती त्या दिवसाइतकी कधी फुगली नव्हती. माझं काम माणसाला त्याचं पुस्तक गाठून देण्याचं. आता मी त्याला आधी त्याचा प्रश्न लिहू देतो, आणि तो लिहिणाऱ्याचा लिहिणाऱ्याकडेच राहतो. एवढं मोठं काम कुठल्या दिवाणखान्यातल्या कपाटानं केलंय, दाखवा!

चष्मिस आता सतरा वर्षांची आहे. दर शनिवारी चारला ती येते आणि दुसऱ्यांच्या कार्डांवर उत्तरं लिहिते. तिचे बाबा तिला फाटकाशी सोडतात. आत डोकावत नाहीत. काका बुधवारी येतात, कार्डांकडे बघून उसासा टाकतात आणि हात मागे बांधून उभे राहतात.

आणि तुमच्या गावच्या ग्रंथालयातही माझा एखादा भाऊ जिन्याखाली पडला असेल. त्याला विकू नका, पॉलिशही करू नका. एक खोली द्या, थोडी कोरी कार्डं द्या, एक पेन्सिल दोरीनं बांधून ठेवा. मग दार लोटून घ्या आणि बाहेर थांबा. मुलं आपणहून बाहेर येतील, तेव्हा हातातलं काम खाली ठेवून ऐका.